हीटरच्या काचेवर

सूर्य रजेवर जाऊन तीन आठवडे झाले होते.
रात्रपाळी उरकून आले.
तसं डिसेंबरात मूर्मान्स्कला रात्रपाळी म्हणायचं
ते हजेरीपटाच्या सोयीसाठी.
बूट काढले, कानटोपी रेडिएटरवर टाकली,
माशांच्या टाकीचा दिवा लावला.

हीटरच्या उभ्या नळीवर साबुदाणा.
शिजलेला, काचेसारखा,
दाण्याला दाणा खेटून, ओळीत,
कुणी चिमट्याने लावत बसल्यासारखा.

आधी वाटलं, बुरशी.
मग जवळून बघायला बोट टेकवलं
तर मात्वेय काचेआडून अंगावर आला.

मात्वेय आणि ल्येव, माझे एंजलफिश.
माझे म्हणजे इंगाचे.
समोरच्या दारातली इंगा क्रास्नोदारला गेली तेव्हा
दोन्ही मासे नाण्याएवढे होते.
म्हणाली, ताया, दोन महिने सांभाळ, घर लागलं की नेते.
मार्चमध्ये दोन वर्षं होतील.
नावं मी ठेवली, माझ्या दोन मामांची:
तेही असेच चपटे, तोऱ्यात चालणारे,
जेवणाच्या वेळी न चुकता हजर.

आणि आता मात्वेयमामा अंडी राखत होते.

मी हसले. सहाव्या मजल्यावर, पहाटे पाचला,
अंगात कोट तसाच, एकटी.
मग तोंडावर हात घेतला,
अंड्यांना धक्का बसायचा.

बंदरात मी क्रेनच्या खोक्यात बसते, बावीस मीटर वर.
खाली कोळसा, वॅगनी, मिशीवर बर्फ धरलेली माणसं.
वीस वर्षांत एक खेप चुकीच्या जागी उतरवली नाही.
टाकीचं झाकण उचलताना मात्र
हाताला कापरं सुटलं.

तीन दिवस घरात मोज्यांवर चालले.
रेडिओ बंद. केटलची शिट्टी काढून ठेवली.
दोघं आळीपाळीने कल्ल्यांजवळचे पर हलवत
वारा घालत होते.
पाण्यात वारा कसला,
पण बघताना दुसरा शब्द सुचत नाही.
मोजली: दोनशे अकरा.
दुसऱ्या दिवशी दोनशे चार.
सात कुठे गेली, मी विचारलं नाही.

मग साबुदाणा उलटा शिजायला लागला.
एकेक दाणा काचेचा होता तो पांढरा,
कच्चा, पिशवीतल्यासारखा.

दुकानातल्या रेनातला फोन केला.
म्हणाला, पोटाखाली बारीक नळी दिसेल,
अणकुचीदार की बोथट?
बोथट.
दुसऱ्याची?
गुडघे टेकून बघितलं. तीही.
मग मामा नाहीत हे, मावश्या आहेत, तो म्हणाला.
होतं असं. नर नसला तरी जोडी जमते.
अंडी घालतात, राखतात, सगळं रीतसर.
निघत काही नाही.

मी थँक्यू म्हटलं, फोन ठेवला,
बटाटे सोलले. चार. मग आठवलं,
मला दोनच लागतात.

रात्री इंगाला फोन.
एरवी वाढदिवसालाच बोलतो,
तेही ती बोलते, मी हं म्हणते.
तुझ्या माशांनी अंडी घातली.
पलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, खुर्ची सरकली.
किती?
दोनशे. जास्तच.
मग?
राखतायत, मी म्हटलं.
हे खोटं नव्हतं.
माझ्यासमोर ल्येव पांढऱ्या दाण्यांना वारा घालत होती,
मात्वेय पाळी यायची वाट बघत
तिच्या बगलेत थांबलेली.
(नावं बदलायला हवीत.
पण इतक्या दिवसांची हाक
जिभेवरून उतरत नाही.)

इंगा बराच वेळ काही बोलली नाही.
घर लागलं का, हे मी विचारलं नाही,
तिने सांगितलं नाही.
मग म्हणाली,
पाणी कितीवर ठेवलंस?
सव्वीस.
अंडी असताना गार पडतं ते, ताया.
एक वाढव.

मी उठले.
वाढवलं.