चर

पार्नूच्या शाळेची बस आली की आधी बूट.
रबरी बूट मी ओळीने लावून ठेवतो,
दरवर्षी एक जोड कमी पडतो.

कुरेसो, म्हणजे आमच्या भाषेत क्रौंचांची दलदल.
फळ्यांच्या वाटेवरून एकामागे एक चला.
खाली जमीन नाही, मुलांनो,
पाणीच आहे, शेवाळाचं पांघरूण घेतलेलं.
हळूच उडी मारा. बघा,
दहा पावलांवरचं ते खुरटं पाइन हललं.
माझ्या खांद्याएवढं आहे, आणि माझ्या आजोबांहून थोरलं.

मग दवबिंदू. करंगळीच्या नखाएवढी तांबडी पानं,
एकाला डास चिकटलेला.
कुणी किंचाळतं, कुणी बोट लावून बघतं.
क्रौंचांची जोडी पलीकडे कुठंतरी ओरडते,
दिसते ती फक्त माझ्या पत्रकातल्या फोटोत.

शेवाळ वर वाढतं, खाली मरतं,
मेलेलं कुजत नाही, साठत जातं,
वर्षाला एक मिलिमीटर.
तुमचं वय किती? नऊ?
फूटपट्टीवर दाखवतो: इतकं.
कुणीतरी हसतंच.

आणि आपण येतो चरापाशी.
काळ्या पाण्याची सरळ रेघ, पार क्षितिजापर्यंत.
दोन मीटर खोल, मी म्हणतो, करा गणित.
केर्तू नावाची मुलगी नुसते ओठ हलवते.
दोन हजार वर्षं.
बरोबर.
हात तसाच वर ठेवून विचारते,
"कुणी खणला?"

पत्रकात लिहिलंय: पूर्वीच्या काळी खणला गेला.
वाक्यात माणूस नाही.
ते वाक्य मीच लिहिलं.

एकोणीस वर्षांचा होतो. नवंकोरं नारिंगी यंत्र,
केबिनमध्ये चक्क हीटर.
पहिल्या पगारात आईला शिवणयंत्र घेतलं.
हा चर बारा दिवसांत. सरळ आला म्हणून
साहेबांनी पाठ थोपटली होती,
आणि खरं सांगतो, अजूनही
त्याच्याकडे बघताना छाती थोडी फुगते.

"मी," म्हणालो.

बाई घड्याळात बघू लागल्या.
केर्तूनं चर पाहिला, मग माझे हात,
मग गेल्या शरदात आम्ही घातलेला लाकडी बांध,
त्याच्यामागे बोटभर चढलेलं पाणी,
पाण्यावर शेवाळाचा एक ओला ठिपका.

"मग तुम्हाला थांबावं लागेल," ती म्हणाली,
बस चुकलेल्या माणसाला सांगावं तशी.

वहीत तारीख टाकली,
आपली फूटपट्टी काठावरच्या चिखलात उभी खोचली
आणि बूट परत करायला गेली.

फूटपट्टी अजून तिथेच आहे.
शून्य पाण्याखाली गेलंय.