पान एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस

हिंगणघाटच्या टॉकीजमध्ये दुपारचा शो.
पंखे फिरतात, पण वारा पुढच्या रांगेतच संपतो.
शर्वीच्या मांडीवर खाऱ्या दाण्यांचा पुडा,
माझ्या पर्समध्ये ते पुस्तक.
का आणलं कुणास ठाऊक.
तारखेला साक्षीदार न्यावा, तसं.

पुट्ठा नाही. लेखकाचं नाव उधईनं खाल्लेलं.
शाळेचं कपाट रद्दीत निघालं तेव्हा
तेजरामनं दोन किलो वांगी देऊन सोडवून आणलं होतं.
बर्फाच्या मुलखातल्या राक्षसानं
साऱ्या देशाचे पडसाद चोरून नेले,
आणि ते परत आणायला निघाली मिरू,
सोबत एक म्हातारा, लंगडा कोल्हा.

बर्फ आम्ही कुठं पाहिला होता?
तेजराम म्हणाला, जीनमधल्या गंज्या पाय ना!
मग माघाच्या उन्हात आम्ही कमरेपर्यंत रुतायचो,
वरून पांढरं, आतून ऊबदार,
टाचेला सरकी टोचायची.
झिंगरूजी काट्यावरून ओरडायचे, उतरा रे पोट्टेहो,
आणि पुढचं ओरडणं खोकल्यात जायचं.
माझ्या राक्षसाला आवाज त्यांचा.
माझ्या मिरूला बर्फात घाम यायचा.

आमच्या सपाट काळ्या रानात हाक मारली
तर ती सरळ जायची, परतायची नाही.
फक्त भोयरांच्या विहिरीत वाकलं की
कोणीतरी खालून आपलं नाव घ्यायचं.
म्हणजे राक्षस अजून इथवर आला नाही,
असं आम्ही रोज तपासून यायचो.

पडद्यावर बर्फ निळा होता.
मिरूच्या तोंडातून वाफ निघत होती.
तिचे केस कोणीतरी तासभर बसून विंचरलेले,
राक्षस हिंदीत गडगडत होता,
एकदाही खोकला नाही.
कोल्हा मात्र तोच. डावा मागचा पाय तसाच ओढत.
'आत्या, असंच होतं का गं?'
बरंचसं, म्हणाले मी.

एकशे बाराव्या पानावर ते दोघं राक्षसाच्या दारात,
आणि लगेच एकशे एकोणतीस. मिरू परतीच्या वाटेवर,
डोंगर तिला ओ देताहेत.
मधली पानं उधईची, तेजराम म्हणायचा,
पण गोष्ट मले माईत हाये.
कोल्हा तिथंच राहिला, चौकीदार म्हणून लागला,
दोन टाइम जेवण, वरून कांबळं.
दर दिवाळीला कोल्ह्याचं पत्र यायचं,
तेजराम वहीच्या कोऱ्या पानावरून वाचून दाखवायचा.
तिकडं थंडी लय आहे. तुझे दुधाचे दात पडले का?

आता पडद्यावर ते दार.
दगडी, हळूहळू मिटणारं.
पडसाद पाखरांसारखे बाहेर निघताहेत,
आणि कोल्हा पाठ लावून उभा,
शेवटचा निघेपर्यंत.
मग दार मिटतं.

शर्वीचा हात दाण्यांच्या पुड्यात तसाच थांबला.
मी अंधारात पर्स उघडली,
शिवणीजवळ बोट फिरवलं.
आठ पानांची मुळं. सरळ, एका रेषेत.
उधई इतकं नीट खात नाही.
बाबांचं दाढीचं ब्लेड त्या वर्षी
कितीदा हरवायचं, ते आत्ता आठवलं.

बाहेर ऊन. पोरगी नाक पुसत होती,
गोळा हवा का विचारलं, नको म्हणाली.
फोन लावला. तो रायपूरकडे कुठल्याशा ढाब्यावर,
मागं ट्रकांची घरघर.

'कोल्हा मेला, तेजराम.'

बराच वेळ काही नाही.
मग माझाच आवाज फोनमधून
जरा उशिरा परत आला, मेला, तेजराम,
आणि त्याच्यामागून त्याचा:
'माईत हाये.
तू सात वर्षांची होती व.'

मग लगेच, घाईनं,
'शर्वी रडली का?'