पहिले चार आटे

बोल्ट तोडला तो मीच.
पान्याला दोन हात पाइप घातला होता,
पाय चाकाला टेकवून ओढत होतो,
आणि मग एक आवाज,
अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच.
डोकं माझ्या हातात. धड आत.

मिठबावचा तिठा, संध्याकाळचे साडेसहा.
टेम्पोत बावीस क्रेट बांगडा, तीन सुरमई,
पहाटेच्या आत निपाणी गाठायची,
आणि बर्फ वितळतोय आपल्या वेळापत्रकाने.

तसं बघायला गेलं तर हे त्याचंच काम.
नऊ वर्षं माशांचं खारट पाणी
फळ्यांच्या फटींतून मागच्या शॉकअपवर ठिबकतंय,
उरलंसुरलं खाडीचा वारा करतो.
आमच्याकडे लोखंड गंजत नाही, मुरतं.
बोल्ट कुठे संपला आणि ब्रॅकेट कुठे सुरू झालं
हे त्या दोघांनाही आता सांगता येणार नाही.

इनास मिस्त्री चहा पुरता संपवून आला.
गोणपाटावर आडवा झाला, बॅटरी दातांत धरून.
बराच वेळ हात लावला नाही त्याने.
मग बॅटरी काढून विचारलं,
"ह्यो कोणी आवळलेलो?"
"चंदरने. माझ्या भावाने."
"रागान आवळलेलो आसा."
मी क्रेट मोजायला लागलो.

गेल्या शिमग्याच्या आदल्या दिवशी
हिशेबाची वही विहिरीत टाकून
चंदरने हाच बोल्ट आवळला होता,
शेवटचं काम म्हणून, एक शब्द न बोलता.
आता वास्कोला कुणाच्या ट्रॉलरवर असतो म्हणे.

इनासकडे स्प्रेचा डबा आहे, परदेशी.
तरी त्याने फळीवरून उंडेलाची बाटली काढली,
बापाने होडीसाठी ठेवलेली, तळाशी काळी.
तारेच्या ब्रशने घासलं, तेल सोडलं, बिडी ओढली.
गॅस पेटवून ब्रॅकेट तापवलं,
बोल्टाच्या भोवतीचं, बोल्ट नव्हे,
पिकल्या रातांब्याचा रंग येईपर्यंत.
मग शर्टाच्या खिशातून चर्चमधली अर्धी मेणबत्ती.
मेण टेकवलं मात्र, आत ओढलं गेलं,
तहान लागली होती कुणाला तरी.

तुटक्या बुंध्यावर नट ठेवून वेल्डिंग केलं.
पाना लावला. नट निघून आला.
पुन्हा वेल्डिंग. पुन्हा निघाला.
इनासने शिवी दिली, पण नटाला, हळू आवाजात.
तिसऱ्या वेळी तो थांबला,
लोखंड काळं होईपर्यंत मला गप्प बसवून.

नंतर त्याने पाना उलटा लावला.
"मिस्त्री, सोडायचाय ना?"
"आदी आवळूचो. वायचसो.
तेका वाटाक व्हया,
आपल्याक कोण काढूक इलेलो नाय."
केसभर आत. मग केसभर बाहेर.
थोडा आत. थोडा जास्त बाहेर.
कर्र. थांब. तेल. कर्र.
नारळी पौर्णिमेला बंद खोली उघडावी तसा वास आला,
आणि बुंधा निघाला
वाकडा, पिवळसर, गरम,
माझ्या करंगळीएवढा.
एवढ्यासाठी पावणेदोन तास.

नवा बोल्ट मी घेतला आणि सवयीने पाना उचलला.
त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला.
"पयले चार आटे बोटांनी.
जाता तेवढो जांवदे.
अडलो तर जोर करू नको,
काड, परत लाव. पानो मागसून."

लावला. अडला. काढला.
बोटं उंडेलाने बुळबुळीत,
वर कुठेतरी बर्फाचा एक थेंब मानेवर.
दुसऱ्यांदा तो गेला,
एक, दोन, तीन,
भोकानेच आत बोलावल्यासारखा.

पैसे विचारले तर म्हणाला, आठ बांगडे ठेव, मोठे बघून.

फोंडा घाटाच्या तिसऱ्या वळणावर
बुंधा डॅशबोर्डवर इकडून तिकडे गडगडत होता.
चंदरचा नंबर काढून ठेवला होता,
रेंज नव्हती.
वरती, दाजीपूरच्या अलीकडे, येते एक काडी.
काय बोलायचं ते ठरवलं नाही.
पाऊण वाजला होता.
एवढ्या रात्री तो जाळ्याजवळ जागाच असणार.