मान वाळेपर्यंत

साक्रीला, कान नदीच्या अलीकडे,
घरामागे तीन वाफे.
तीस वर्षं तिकिटं फाडली मी
धुळे, नवापूर, परत धुळे.
आता मोजायला एवढंच.

पाणी तोडून पंधरा दिवस झाले,
निम्म्याहून जास्त पात माना टाकून आडवी,
दुपारच्या गाडीत पेंगणाऱ्या पॅसेंजरांसारखी.
म्हणजे काढायला झाला.

गेल्या वर्षी असाच झाला होता
आणि मी लगेच विळा घेतला.
ओली पात, ओली मान, खसाखस.
गोणीत ठासला, तोंड शिवलं,
जिन्याखाली सारला.
कानबाईच्या आठवड्यात वास आला.
सिंधू म्हणाली, उंदीर मेला कुठेतरी.
गोणी उचलली
तर बूड जमिनीवरच राहिलं.

म्हणून यंदा धुडकू आप्पांना बोलावलं, बांधापलीकडचे.
आले, उकिडवे बसले, चुना मळत राहिले.
मी मानेला विळा लावला
तसं मनगटच धरलं:
"तुले काय घाई शे?"

मग हातानेच दाखवलं सगळं.
कांदे ओळीने निजवायचे,
मागच्या ओळीची पात पुढच्या ओळीच्या अंगावर,
ऊन पातीला लागावं, कांद्याला नको.
चार दिवस असंच.
मग पातीला पीळ द्यायचा
आणि दोन बोटं मान ठेवून कापायची.
बुडाशी कापली तर दार उघडं राहिलं,
कोणीही आत शिरेल.

मग सावली. पत्र्याखाली सिंधूची
बाळंतपणाची बाज काढली, सुंभाची,
वरून वारा, खालून वारा.
पश्चिमेच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या;
त्यांच्या वाऱ्याचं बिल येतं,
आमचा फुकट.
आखाजीला लेक आली, तिला बसायला बाज नव्हती.
हसली, ओट्यावर बसली.

रोज सकाळी एक मान चिमटीत धरून फिरवायची.
आत काही सरकलं, तर अजून ओली.
आठव्या दिवशी सरकलं.
दहाव्या दिवशी, जरासं.
तेराव्या दिवशी नुसता कागद वाजला.

मग निवड. जोड कांदा, डेंगळा,
जाड मानेचा, विळा लागलेला:
हे जवळच्या स्टॉपचे, आधी उतरवायचे.
गोल, बारीक मानेचे, पत्ती खडखडीत,
ते शेवटपर्यंतचे.
त्यातले वीस चांगले निवडून
मी आप्पांच्या पुढे ठेवले.
त्यांनी ते बाजूला सारले,
जोड कांद्यांकडे हात केला.
"लांबनं काय करू?
मी आजनं आज खास."
पंचाऐंशी पूर्ण झालीत त्यांना.
धोतराच्या ओच्यात सात जोड कांदे घेऊन
बांधावरून सावकाश गेले.

पावसाळाभर
रात्री वारा सुटला की पत्ती सळसळायची.
कोण आहे? सिंधू विचारायची.
कांदे, मी म्हणायचो.
रोज बाजेखाली वाकून वास घ्यायचो.
आषाढात एक काढून टाकला, भादव्यात दोन,
एकावर काजळी होती, ती पुसून वापरला.

दिवाळी झाली.
चार-पाच कांदे रुमालात बांधले
आणि बांध ओलांडला.
आप्पा ओट्यावर, पुढ्यात कळण्याची भाकरी.
एक उचलला. मान चिमटीत धरून फिरवली,
कानाशी नेला.
"वाळना," म्हणाले,
आणि बुक्कीने फोडला.