बारा व्होल्ट

बेनोड्याच्या फाट्यावर, निंबाखाली, माझं शटर.
पंक्चर, ऑइल, फवारणी पंपाचे वायसर,
अंबियाच्या तोडणीत ट्रकवाल्यांच्या शिव्या.
तिथे एका बुधवारी ती गाडी मेली.

पिवळी. माझ्या कमरेला लागेल एवढीच उंच.
गुणवंत सोनारेचा ट्रॅक्टर शेजारी उभा राहिला
तर त्याच्या सावलीत मावून गेली.

चालवणारी श्रुतिका देवपुजारी, नागपूरची,
परदेशात शर्यतीच्या गाड्यांवर इंजिनिअर.
म्हणाली, त्या केशरी केबलला हात नको,
चारशे व्होल्ट आहेत.
मी म्हटलं, मॅडम, या रंगाले
आमच्या इकडे कोणी भीत नाही, तोडून खाते.
ती हसली.
गाडी काही हसली नाही.

चारशे व्होल्ट पोटात, आणि काच खाली होईना.
शोधता शोधता सापडली ती,
मोठीला जागं करणारी लहान बॅटरी,
बारा व्होल्टची, माझ्या ओळखीची, साफ उतरलेली.
लालला लाल, काळ्याला काळी,
गुणवंतच्या ट्रॅक्टरातून दोन चिमटे लावले
आणि आम्ही तिघं सावलीत बसलो.

तेव्हा तिने सांगितलं.
सरळ पट्ट्यात तीनशेचा वेग, पुढे आडवं वळण.
पूर्वी ब्रेक लाल व्हायचे, वेग धूर होऊन जायचा.
आता चाकंच मोटर फिरवतात,
थांबणं बॅटरीत जातं,
आणि वळणातून सुटताना
तेच थांबणं पुन्हा धाव होतं.
तिकडे शिकलो ते आता रस्त्यावर आणतोय.
"म्हणजे काहीच सांडत नाही?"
"सांडतं. पण पहिल्याइतकं नाही."

माझे बाबा शंकरपटाचे धुरकरी.
पाखऱ्या-डोंगऱ्याची जोडी, आठ सेकंद वीस,
त्या आठ सेकंदांवर गावाने वर्षभर गप्पा मारल्या.
झेंडीच्या पुढचं कोणी पाहत नसे:
जोडी थांबेना, तुरीत घुसलेली,
बाबा मागे रेललेले, कासरा पंजाला वेटाळलेला.
"पळवाले कोणीबी पळवते," ते म्हणत,
"थांबवाले माणूस लागते."
त्या रात्री भाकर मोडायचे
नुसत्या बोटांच्या टोकांनी.

आता कळतं, ते सगळं कुठे जमा होत होतं.

समोरचे दिवे लागले. गाडी उठली, आवाज न करता.
निंबाखालच्या कुत्र्याने मानही वर केली नाही,
फक्त टायरखाली गिट्टी कुरकुरली.
इंजिन ओरडलं ते पार पुलाच्या पलीकडे.
पाचशेची नोट, सुट्टे नव्हते,
मी उरलेल्याची संत्री दिली.

गुणवंत चिमटे गुंडाळत म्हणाला,
"आपल्या ट्रॅक्टरात येईन का हे?"
येईन, म्हटलं.
आधी शर्यतीत, मग पिवळीत,
मग कधीतरी तुझ्या ट्रॉलीत, उताराला, संत्र्यासकट.
"तोपर्यंत मी राहीन का?"
त्याचं मला काय माहीत.

संध्याकाळी घराकडे जाताना
टेकडीच्या उतारावर मागचा ब्रेक दाबत आलो.
खाली उतरून ड्रमवर हात ठेवला.
चटका बसला.
लगेच काढला नाही.