मिळून आला नाही

वेंगुर्ल्याच्या कोर्टात एखादं नाव शोधायचं
तर ते कसं लिहिलंय हे आधी माहीत हवं.
कुबल की कुबळ.
संगणकावरचा मुलगा ल घालून बघतो, ळ घालून बघतो,
मग इंग्रजीत, एकदा यू, एकदा दोन ओ.
पडदा कोराच.
'इतक्या जुना ह्याच्यात नाय गो,' म्हणतो,
'मागे रेकॉर्डात जा. मोचेमाडकर आसतत.
डबो घेवन जा, येळ लागतलो.'

होडीचा परवाना माझ्या नावावर करायचा होता, एवढंच.
बंदर खात्यातली बाई म्हणाली, वडलांवर काहीतरी दिसतंय,
कोर्टाचा कागद आणा.

मोचेमाडकर चष्म्यावरून बघतात.
खटला क्रमांक? माहीत नाही.
साल? सत्त्याण्णव असावं, नारळी पुनवेनंतर
ट्रॉलरवाल्याचं जाळं कापलं ते.
कलम? ते काय असतं मला?
'मग रजिस्टर बघूया. फौजदारी. आरोपीचा रकाना वाचत जायचं,
बोट ठेवून. घाई केली की नाव सुटतं.'
दाराशी बसून मी बोट ठेवून वाचते.
मारामारी, दारू, आंब्याची चोरी, मारामारी,
बायकोला मारलं, हद्दीचा दगड हलवला,
सगळा तालुका निळ्या शाईत उभा,
आणि दोनशे अकराव्या ओळीवर
आत्माराम सोनू कुबल, वय ३४, धंदा मासेमारी.
शेरा: फरार. फाईल सुप्त.

सुप्त म्हणजे मेली नाही, मोचेमाडकर समजावतात.
झोपलीय. वॉरंट अजून चालू आहे.
मृत्यूचा दाखला आणलात तर आजच्या आज संपवू.
दाखला नाही, मी म्हणते.
होडी सापडली, रेडीच्या खडकात. तेवढीच.
ते काही बोलत नाहीत. शिडी लावतात.

अर्जावर कोर्ट फीचा स्टॅम्प, आरोपीशी नातं: मुलगी.
लाल फडक्यातला गठ्ठा सुटतो
आणि कसर उडून चहात पडते.

वॉरंटच्या पाठीवर अहवाल आहेत. हवालदार बांदिवडेकर यांचे.
एक: सदर इसम घरी मिळून आला नाही.
दोन: सदर इसम मिळून आला नाही. पत्नी काही सांगत नाही.
तीन, ऑगस्टातला:
'दारात मुलगी, वय अंदाजे सहा, उभी होती.
तीस विचारता "बाबा दर्यार गेले" असे सांगते.
मासेमारी बंद आहे हे तीस माहीत नसावे.
जाळ्यांच्या खोपीत आवाज आला.
मांजर असल्याचे समजते.'

आमच्याकडे मांजर नव्हतं.

मला आठवतंय ते. म्हणजे खोप आठवते,
जाळ्याखालून बाबांचा एक पाय, अंगठ्याला चिखल,
आणि खाकी विजारीतला माणूस, जो माझ्याकडे बघत होता,
खोपीकडे नाही.
आईने शिकवलेलं वाक्य मी न अडखळता म्हटलं होतं.
त्याच रात्री, पाऊस असताना, ते गेले,
कारवारात चार महिने काढतो म्हणाले.
वाक्य खरं झालं.

चौथा अहवाल फक्त तारीख आणि सही.
पाचव्यात शाई बदललीय, हवालदारही.

'नक्कल किती हव्यात?'
दोन, मी म्हणते. एक बंदर खात्याला.
दुसरी कशाला ते फॉर्मवर लिहावं लागतं.
रकाना तसाच सोडला. त्यांनीच
'खाजगी' असं लिहून शिक्का मारला.

'बांदिवडेकर आसत हो अजून,' जाताना म्हणाले.
'आजगावाक. कमी ऐकू येता.'

स्टँडवर नवाबागेची रिक्षा दोनदा विचारून गेली.
आजगावची एसटी पावणेपाचला.
नक्कल पदरात धरलीय, वाऱ्याने उडेल म्हणून,
आणि इतक्या वर्षांनी, कमी ऐकणाऱ्या माणसाला
मांजराबद्दल मोठ्याने काय सांगायचं
ते मनात म्हणून बघतेय.