ओ

वारा सुटला की पुंता अरेनासमध्ये
चौकाचौकांत दोर बांधतात,
माणसांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
माझ्या हातात एक बारीक वायर असते,
टोकाला रबराची हिरवी टोपी, वाटाण्याएवढी.

तिसरा मजला. सकाळचे सहा चाळीस.
आज अकरा बाळं.
यंत्राच्या गाडीचं एक चाक कुरकुरतं,
त्याला तेल मीच घालते, घरून आणून,
कारण दुरुस्तीवाल्यांना ते ऐकू येत नाही.

बाळ झोपलेलं हवं, पोट भरलेलं हवं,
फरशी पुसायचं यंत्र पार दुसऱ्या टोकाला हवं,
आणि भेटायला आलेल्या मावश्या, आत्या, शेजारणी
दोन मिनिटं गप्प हव्यात.
दिवसाचा अर्धा वेळ यातच जातो.

मग मी कानात हाक सोडते, टक टक टक टक,
आणि थांबते.
लोकांना वाटतं, कान नुसता ऐकतो.
कान ओ देतो.
आतल्या शंखात केसाहून बारीक काहीतरी हलतं
आणि एक आवाज उलट पावली बाहेर येतो,
इतका हलका की आईलासुद्धा तो कधी ऐकू येणार नाही.
मलाही नाही.
कानात प्राण आणून मी पडद्याकडे बघत बसते.
हिरवी खूण उमटली की म्हणते, "छान!"
जणू मीच काही केलं.

खाट बारा. ओविदिया नावेल्किन.
मुलगी, एकोणतीस तासांची, नाव ठरायचंय.
उजवा कान: ओ.
डावा:
टोपी बदलली. बाळाला कुशीवर वळवलं.
खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत होता,
तिथे टॉवेल कोंबला.
डावा:

आम्हाला वाक्य पढवलेलं आहे.
त्यात 'नापास' नाही, 'बहिरी' तर नाहीच.
"स्पष्ट प्रतिसाद मिळाला नाही. कानात पाणी असेल.
दोन आठवड्यांनी पुन्हा पाहू."
खोटं नाही ते. बहुतेकदा पाणीच असतं.
बावीस वर्षं म्हणतेय;
एकदा झोपेत म्हणाले तर नवरा उठून बसला,
"कुणाच्या?"

ओविदिया ऐकून घेते. चादरीचं टोक दुमडते, उलगडते.
दाराशी बाप उभा, खेकड्यांच्या बोटीवरचा,
सतरा वर्षं इंजिनाशेजारी.
"काय म्हणाल्या?"
"डावा कान."
"आं?"
"डावा! डावा!"
शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून दोन्ही हात फेकतं.
ही पण.
उजव्या कानाने, मी स्वतःला बजावते,
एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

तो मात्र पुढे येतो, वाकतो,
आणि आपला कान तिच्या तोंडाशी नेतो,
पहिल्यांदा तीच काही सांगणार असल्यासारखा.
बराच वेळ तसाच राहतो.

मी कार्डावर तारीख लिहिते. गुरुवार, नऊ वाजता.
"वारा असला तर?" ओविदिया विचारते.
"दोर धरून या."

खाट चौदा. बाळ टक्क जागं.
थांबते.